आजार दाखवायचा दिवस

खुशाल रामटेकेला एक खोड होती. कुठलीही अवघड गोष्ट समोरच्याच्या गळी उतरवायची झाली की तो त्याच्याच घरातलं, शेतातलं, देवाधर्मातलं काहीतरी उदाहरण हुडकून काढायचा. गुणाकार शिकवताना मोहफुलाच्या टोपल्या मोजायला लावायचा. एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या आश्रमशाळेत तो खेळाचा मास्तर होता, पण मास्तरांची वानवा असल्यामुळे सगळंच शिकवायचा. पोरांना कळायचं, साहेबांना आवडायचं आणि खुशाल स्वतःच्या हुशारीवर दिवसभर खूश असायचा. याच खोडीनं पुढे घात केला, म्हणून तिची ओळख आधी करून दिलेली बरी.

मंगली त्याच्याच शाळेत शिकलेली. वय एकोणीस-वीसचं. बाप लहानपणीच गेला, घरी आई धुरपता आणि दोन बैल. पोरीच्या हातात बांबूचं धनुष्य दिलं की बघणाऱ्याचं बोलणं आपोआप बंद व्हायचं. ताणलेली दोरी तिच्या गालाला टेकायची, क्षणभर ती श्वास घ्यायची विसरायची, आणि बाण जिथे जायचा तिथे जायचा. खुशालनं तिला जिल्ह्याला नेलं, विभागाला नेलं. आश्रमशाळेच्या मास्तरला कोण विचारतं? पण मंगलीमुळे त्याला विचारणारे भेटू लागले. तिरंदाजी संघटनेचे चिटणीस बापूराव त्याला चहा पाजू लागले.

मग आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात पोरीचा हात थरथरायला लागला. जेवायची दोघांचं, आणि वाळत चालली होती. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत, गळा पुढून फुगला होता, आणि बसल्या जागी छाती अशी धडधडायची की पोलक्यावरून दिसावं. गावात कुणी काही, कुणी काही म्हणू लागलं. खुशालनं मात्र तिला सरळ एसटीत बसवून चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक मोठी, गळ्यातल्या गाठीला काबूत ठेवणारी. दुसरी लहान, काळजाची धावपळ आणि हाताची थरथर थांबवणारी.

"मास्तर, नीट ऐका," बाई म्हणाल्या होत्या. "मोठी गोळी एक दिवससुद्धा चुकता कामा नये. ती सुटली आणि वर लहानही सुटली, तर हिचं काळीज असं उधळेल की मलाही आवरता येणार नाही."

खुशालनं ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्यानं नीट ऐकलं होतं.

दिवाळीपर्यंत पोरगी भरली. हात दगडासारखा स्थिर झाला. राज्याच्या स्पर्धेत ती पहिली आली आणि दिल्लीच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं. आणि नेमक्या त्याच वेळी बापूरावांनी खुशालला चंद्रपूरला बोलावून घेतलं.

"रामटेके, तुमच्या पोरीची ती लहान गोळी भानगडीची आहे," ते म्हणाले. "तिच्यानं हात थरथरत नाई, म्हणून नेमबाजीत अन् तिरंदाजीत तिच्यावर बंदी आली. दिल्लीले लघवी तपासतेत. सापडली का पोरगी कायमची गेली."

"पण ते औषध आहे भाऊ. ती बीमार आहे."

"मले सांगून काय फायदा? संघटनेनं यंदा डॉक्टरांचं मंडळ नेमलं आहे. खरोखर बीमार असन तर सूट देतेत. पण त्याहीची अट आहे. आठवडाभर आधी ती गोळी बंद करून यायचं. गोळी घेऊन ठणठणीत दिसणारी पोरगी समोर उभी केली तर बीमारी दिसन कशी? कोनीही उठन अन् मी बीमार म्हणन."

ऐकायला हे बिनतोड होतं. कचेरीत बसून काढलेले नियम ऐकायला बिनतोडच असतात. खुशालच्या मनात पाल चुकचुकली. पण त्यानं हिशेब केला की लहान गोळी तेवढी थांबवायची, मोठी चालूच राहणार. म्हणजे डॉक्टरीणबाईंचा शब्दही मोडत नाही आणि मंडळाचाही राहतो. बाईंचा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. जाऊन विचारायला काही हरकत नव्हती. पण बाई नाही म्हणाल्या तर? त्या 'तर'ला घाबरून तो दवाखान्याच्या उलट्या दिशेनं स्टँडवर गेला आणि एसटीत बसला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तो मंगलीच्या गावी गेला. अंगणात धुरपता मोहफुलं वाळत घालत होती. मायलेकींना समोर बसवून त्यानं समजावायला सुरुवात केली. मंडळ, बंदी, लघवी यातलं धुरपताच्या डोक्यात काही शिरेना. मग खुशालला त्याचं उदाहरण सापडलं, गावच्या पुजाऱ्याचं, गायत्याचं.

"हे पाय बाई, तुमच्या गावात नवा आंबा सण झाल्याबिगर कोनी खात नाई. बरोबर? पण कोनी बीमार असन अन् वैदूनं आंबाच खायले सांगतला, तर काय करता? गायत्याकडे जाता, देवीपुढं सूट मागता. तसंच आहे हे. ते डॉक्टर म्हणजे तुमचा गायता. मंगलीनं त्याहीच्यापुढं जायचं अन् सूट मागायची."

धुरपताचा चेहरा एकदम उजळला. "असं सांगा ना मंग, गुरुजी! कवा जा लागते?"

"रामनवमीच्या आसपास. अन् मंगले, त्याच्या आठवडाभर आधी ती लहान गोळी बंद. आजार दिसाले पाह्यजे त्याहीले."

मंगलीनं मान हलवली. "दिसन," ती म्हणाली. मायलेकी एकमेकींशी आपल्या माडिया बोलीत काहीतरी बोलल्या, आणि त्यांना इतकं सहज पटलेलं पाहून खुशाल शीळ घालत सायकलवर बसला.

परीक्षांच्या गडबडीत मधले दिवस गेले. ठरल्याप्रमाणे तो तिला न्यायला पुन्हा गावी गेला तेव्हा आधी त्यानं तिला ओळखलंच नाही. पडवीत, सारवलेल्या ओल्या जमिनीवर ती उघड्या पायांनी बसली होती आणि एक हंडा पाणी तिनं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं होतं. केस निथळत होते. डोळे इतके वटारलेले की पापण्या मिटतात की नाही अशी शंका यावी. गळ्याच्या खळगीत काहीतरी सारखं उडत होतं. खुशालनं बारकाईनं पाहिलं, तर ती नाडी होती.

तो दचकून मागे सरला. मग लगेच दुसरा विचार आला आणि त्याला बरं वाटलं. मंडळाला आता कोण नाही म्हणतो! डोळस माणूस राहू दे, आंधळ्यालासुद्धा हात लावून हा आजार कळला असता.

"झोपते का रात्री?" त्यानं धुरपताला विचारलं.

"नाई. रातभर अंगनात चालत राह्यते." धुरपता शांत होती. "दिसन ना आता त्याहीले?"

"दिसन बाई. चांगलं दिसन."

एसटीत खिडकीजवळ बसूनही मंगलीला घाम फुटत होता. आलापल्लीच्या पुढे सागवानाची पानगळ झालेली, दोन्ही बाजूंना नुसते करडे खांब आणि खाली वाळलेल्या पाल्याचा थर. कुणीतरी पेटवून दिलेला वणवा रस्त्याच्या कडेनं बसबरोबर सरकत होता. गाडीतले लोक मंगलीकडे बघत आणि नजर काढून घेत. एका बाईनं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या बाकावर नेलं. खुशालला राग आला, पण त्या रागाच्या खालीही ती लाजिरवाणी खुशी होतीच. पोरगी जितकी वाईट दिसत होती, तितकं त्याला काम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं. आपल्याला असं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं ते ध्यानातून काढून टाकलं.

मंडळ बसलं होतं घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीच्या क्लबात, कारण मंडळाचा आणि खेळाडूंच्या निवड चाचणीचा खर्च खाणवाल्यांनी उचलला होता. क्लबाच्या पायऱ्यांवर, खुर्च्यांवर, फुलांच्या कुंड्यांवर काळी धूळ. बाहेर रस्त्यानं ट्रकांची रांग हलत होती. आत तीन डॉक्टर बसले होते. मधले अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, मोठ्या नावाचे. त्यांनी मंगलीला दोन्ही हात पुढे करायला सांगितलं आणि ताणलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पंख्याखाली ठेवल्यासारखा फडफडायला लागला. पंखा तर बंद होता. वीज गेली होती.

"वा," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळात पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिसरे होते ते तरुण, चष्मेवाले. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि अध्यक्षांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. "उन्हातून आली आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि तरुण डॉक्टरांनी हात काढून घेतला. दारातून इतर खेळाडू डोकावत होते. खुशाल भिंतीला टेकून उभा होता. कागद जितका फडफडला तितका त्याचा जीव भांड्यात पडत गेला. खोटं कशाला सांगायचं, त्या घटकेला त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आजार खरा आहे. सूट द्यायला हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उठले. "कागद तयार करून ठेवा. आल्यावर सही करतो." खाणीच्या व्यवस्थापकसाहेबांच्या बंगल्यावर जेवणासाठी त्यांची वाट बघत होते. मोटार धूळ उडवत निघून गेली.

बापूरावांनी खुशालच्या पाठीवर थाप मारली. "झालं तुमचं काम! फक्त एक करा. सही होईस्तोवर गोळीले हात लावू नका. सहीच्या आधी गोळी अन् नंतर लघवी, असं निंघालं तर सगळं मुसळ केरात."

व्हरांड्यात एका बाकावर मंगली बसली होती. खुशालनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला तरी अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

"मिळाली ना गुरुजी?"

"मिळाली म्हणूनच समज. आता सही झाली का लहान गोळी चालू. मोठी सकाळी घेतली होती ना?"

त्यालाच समजलं नसावं तसं मंगलीनं समजावून सांगितलं, "दोन्ही सोडल्या ना, गुरुजी. तुमी आले होते तवापासून."

"होळीपासून?" खुशालनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "काऊन? मी लहान सांगतली होती! लहान!"

"तुमीच सांगतले ना, आंब्यासारखं आहे. सूट मागाले जाताना आंगावर काईच ठेवत नाई. दंडाला बांधली मुळी सोडते, ताईत सोडते, वैदूचा पाला बंद करते. सगळं सोडून जा लागते देवीपुढं. आजार उघडा दिसाले पाह्यजे. एक ठेवलं अन् एक सोडलं, तर ते खोटं होते."

ती हे अगदी सरळ चेहऱ्यानं बोलली. शाळेत धडा पाठ म्हणून दाखवायची तशी. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द त्याला आता ऐकू येत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात प्रवासासाठी आणलेल्या दोन्ही गोळ्यांच्या नव्या पुड्या होत्या. त्या त्यानं काढल्याही. मग त्या तशाच मुठीत धरून तो बापूरावांकडे धावला.

बापूरावांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला. पण चिटणीसाचं डोकं चिटणीसाच्याच वाटेनं जातं. "आता हे डॉक्टरांपुढं बोललात तर ते म्हनतीन पोरगी खेळाच्या लायकच नाई. सूट राह्यली बाजूले, नावच कटन. अध्यक्ष जेवून येतच असतीन. अर्धा तास हो रामटेके! होळीपासून राह्यली ना ती तशी? अर्ध्या तासानं काय होते?"

त्या क्षणी खोलीच्या दाराशी चष्मेवाले तरुण डॉक्टर सिगारेट ओढत उभे होते. चार पावलांवर. खुशालनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला दिल्ली दिसली, मंगलीचं नाव दिसलं, आणि मंगलीच्या नावाखाली स्वतःचंही दिसलं. त्यानं मूठ परत खिशात घातली आणि तो बाकावर येऊन बसला.

अर्धा तास झाला. मोटार आली नाही. ट्रक जात राहिले. मंगलीनं आधी भिंतीला डोकं टेकलं, मग गुडघ्यांवर. मध्येच ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. तिच्या अंगाची धग खुशालला हात न लावता जाणवत होती. "मंगले, आता येतीन हां," तो दर थोड्या वेळानं म्हणत होता. आधी ती हुंकार द्यायची. मग ती माडियात बोलू लागली, खुशालशी नव्हे, समोरच्या मोकळ्या व्हरांड्याशी. कुणाला तरी ती हातानं बाजूला व्हायला सांगत होती. खुशालनं तिला नावानं हाक मारली तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या मोठाल्या डोळ्यांत त्याची ओळखच नव्हती.

तेव्हा कुठे त्यानं पुड्या फोडल्या. दोन्ही गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या, पाणी ओतलं. गोळ्या पाण्याबरोबर हनुवटीवरून खाली आल्या. त्यानं परत ठेवल्या. ती ओकली.

"डॉक्टरसाहेब!" तो ओरडला. सगळा क्लब दणाणला. तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी मनगट धरलं आणि लगेच सोडून गळ्यावर बोटं ठेवली. खुशालनं रडत रडत सगळं सांगितलं. दोन गोळ्या, होळी, आंबा, देवी. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"हे आधी कळलं होतं तुम्हाला? इथे बसल्या बसल्या?"

खुशालनं फोडलेल्या पुड्या त्यांच्यापुढे धरल्या.

खाणीची रुग्णगाडी आली. मंगलीला आत घातलं, तरुण डॉक्टर ओली फडकी घेऊन तिच्या उशाशी बसले. गाडी वळते न वळते तोच बापूराव धापा टाकत मागून पळत आले आणि खिडकीतून हात आत घालून त्यांनी एक कागद खुशालच्या मांडीवर टाकला. "झाली! सही झाली!" ते ओरडले. मग त्यांची नजर आत गेली, आणि ते रस्त्यातच थांबले.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी डबा डबा करत पुढून जात होती. तरुण डॉक्टर मंगलीच्या छातीवर तळहात ठेवून बसले होते आणि काही बोलत नव्हते. खुशाल तिच्या तोंडाकडे बघत होता. पोरगी श्वास घेत होती, फार भराभर, दम लागेपर्यंत धावून आल्यासारखी. डॉक्टरांनी तळहात उचलला तेव्हा मालगाडी अजून संपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप गावात पोचली. धुरपताला निरोप आधीच मिळाला होता. अंगणात बायका जमल्या होत्या. मंगलीला उतरवून घेतलं, तिच्यावर पांढरं लुगडं पांघरलं, आणि आकाश फाडणारा रडण्याचा आवाज उठून हळूहळू खाली बसला. खुशाल कुंपणाशी उभा होता. पळून जावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं धुरपता स्वतःच त्याच्याकडे चालत आली. डोळे कोरडे होते.

"त्याहीले आजार दिसला का, गुरुजी?"

"दिसला बाई."

"देतो म्हनले सूट?"

"हो. पाहून लगेच म्हनले."

धुरपताला कुठेतरी काहीतरी जुळत नव्हतं. "आमच्याइथं देवीनं पाह्यलं का गायता तिथंच मुळी परत बांधते. आपल्या हातानं. बांधल्याबिगर बीमार मानसाले उठूच देत नाई," ती म्हणाली. "मंग तुमच्या गायत्यानं पाह्यल्यावर औषध देल्लं काऊन नाई?"

"सही व्हायची होती बाई."

"कोनाची?"

"मोठ्या डॉक्टराची. अध्यक्षाची."

"तो कुठी होता?"

खुशालनं आयुष्यभर उदाहरणं दिली होती. त्यानं आताही एखादं शोधलं. एकही सापडलं नाही.

"जेवाले गेला होता," तो म्हणाला.